स्वेटरची पाठ आणि पुढचा भाग जुळत नाहीत : उसवावे की धुऊन पाहावे?

हाताने विणत असलेल्या माझ्या पहिल्याच स्वेटरबाबत अनुभवी विणकरांचा सल्ला हवा आहे. नमुना विणून मोजला तेव्हा 10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके बसत होते, म्हणून 4 मिलिमीटरच्या सुयांवर 110 टाके घालून पाठ विणली आणि ती अपेक्षेप्रमाणे 50 सेंटिमीटर रुंद झाली. मधल्या काळात काम दोन महिने बाजूला पडले. त्यानंतर त्याच सुया, तीच लोकर आणि तितकेच टाके घेऊन पुढचा भाग बगलेपर्यंत विणला, तर तो 55 सेंटिमीटर भरला, कारण आता 10 सेंटिमीटरमध्ये 20च टाके बसत आहेत. नीट पाहिल्यावर सुलट ओळींपेक्षा उलट ओळी अधिक सैल दिसतात. (पाठ विणताना माझा हात बहुधा भीतीनेच घट्ट राहिला असावा!)

ओली लोकर ताणून रुंद करता येते हे माहीत आहे, पण सैल विणीची रुंदी धुऊन, टाचण्या लावून वाळवल्याने 5 सेंटिमीटरने कमी होऊ शकेल का? की हा भाग उसवून 3.5 मिलिमीटरच्या सुयांवर पुन्हा विणावा? केवळ उलट ओळींसाठी बारीक सुई वापरण्याचा उपाय कोणी करून पाहिला असल्यास कृपया सविस्तर लिहावे.