चार एसएसडींचा रेड ५: ३० जीबीपर्यंत सुसाट, मग सेकंदाला ५५ एमबीवर. घोडं कुठं अडतंय?

बार्देशी_बिट:
घरचा सर्व्हर म्हणजे जुना आय३, १६ जीबी रॅम, डेबियन १२. त्यात १ टीबीच्या चार स्वस्तातल्या क्यूएलसी (एका पेशीत चार बिट ठेवणाऱ्या) साटा एसएसडी, एमडीएडीएम या लिनक्सच्या साधनाने रेड ५ (चौघींचा मिळून एक ॲरे, एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो), वर ईएक्सटी४ फाइलसिस्टिम. दोन डिस्क मदरबोर्डवर, दोन एएसएम१०६१ चिपच्या पीसीआयई कार्डावर. नेटवर्क २.५ गिगाबिट. काम एकच: जत्रेतल्या नाटकांचं चित्रीकरण साठवणं, एका नाटकाचं फुटेज १५० ते २०० जीबी.

कॉपी सुरू होते सेकंदाला २८० एमबीने, साधारण ३० जीबी झाले की ५५ वर कोसळते. वाचताना मधूनच एखादा झटका बसतो, बाकी ठीक. ३ टीबीपैकी २.६ भरलेत. एफस्ट्रिम, म्हणजे पुसलेली जागा मोकळी झाल्याचं डिस्कला कळवणारं ट्रिम, चालवलं तर 'ही सोय उपलब्ध नाही' म्हणून परत येतं. कार्ड बदलू का?

फोंडा_रॅक:
कार्डाला एवढ्यात हात लावू नका. एएसएम१०६१ म्हणजे पीसीआयई २.० ची एक लेन, दोन पोर्ट मिळून ४०० एमबीच्या आसपास. तुमच्या २८० च्या लेखनात प्रत्येक डिस्कवर जेमतेम ९५ पडतात. तेवढं ते आरामात ओढेल. रीसिंकच्या (सगळ्या डिस्क पुन्हा जुळवण्याच्या) वेळी मात्र जाणवेल.

५५ हा आकडाच संशयास्पद आहे. चारपैकी एका डिस्कइतकी जागा पॅरिटीला (गेलेला डेटा पुन्हा उभा करायच्या हिशेबाला) जाते, म्हणून भागिले तीन केलं तर डिस्कमागे १८ एमबी. एसएलसी कॅशे (डिस्कमधला वेगवान तात्पुरता भाग) संपला की क्यूएलसी ढेपाळते हे खरं, पण नुसत्या तेवढ्याने सहसा इतकी खाली जात नाही. रेड ५ मध्ये सगळे सर्वांत मंद डिस्कसाठी थांबतात, तेव्हा ती एक शोधा.

आधी नेटवर्क बाजूला काढा. सर्व्हरवरच एफआयओ या चाचणीच्या साधनाने ६० जीबीची फाइल लिहा: ब्लॉक १ एमबी, डायरेक्ट चालू (रॅम टाळून), क्यू डेप्थ १६ (एका वेळी १६ मागण्या). डीडी या कॉपीच्या आज्ञेने शून्यं लिहून मोजायला जाऊ नका, पहिले काही जीबी रॅममध्येच जिरतात आणि आकडा खोटा येतो. फाइल लिहिली जात असताना दुसऱ्या खिडकीत आयओस्टॅट (डिस्कनिहाय वेग दाखवणारी आज्ञा) विस्तारित आकड्यांसह दर ५ सेकंदांनी चालवा आणि लेखनाचा अवेट (एका मागणीला लागणारा सरासरी वेळ) बघा. चौघांत एकच वेगळी दिसली तर तिचं स्मार्टमधलं (डिस्कच्या स्वतःच्या प्रकृतीच्या नोंदींतलं) १९९ नंबरचं कलम, म्हणजे सीआरसी चुका (केबलवरून जाताना बिघडलेला डेटा), तपासा. हा आकडा कधीच शून्यावर येत नाही, म्हणून आज लिहून ठेवा आणि कॉपीनंतर वाढला का ते बघा. डीमेसेजमध्ये (लिनक्सच्या कर्नलच्या नोंदींत) त्या पोर्टची लिंक ६ गिगाबिटवर आहे की ३ वर उतरलीय तेही दिसेल.

किनाऱ्याजवळ घर असेल तर पावसाळ्यानंतर साटाच्या पिना हमखास बघाव्यात. खाऱ्या दमट हवेने त्यांच्यावर मळकट थर चढतो. मशीन बंद करून ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, न धागे सुटणारं कापड आणि नवी क्लिपवाली केबल.

तिसवाडी_०७:
ट्रिम न चालण्याचं कारण वेगळं आहे. लिनक्सचा एमडी (कर्नलमधला रेड सांभाळणारा भाग) रेड १ आणि १० मध्ये डिस्कार्ड (ट्रिमची मागणी) खाली डिस्कपर्यंत पाठवतो, रेड ५ आणि ६ मध्ये मुद्दाम अडवतो. ट्रिमनंतर डिस्कने तो भाग वाचताना शून्यंच दिली नाहीत तर पॅरिटी जुळत नाही, आणि उद्या एक डिस्क गेली की उरलेल्या तिघींवरून चुकीचा डेटा उभा राहतो.

ते उघडायला रेड४५६ मॉड्यूलचं 'डिव्हायसेस हँडल डिस्कार्ड सेफली' हे कलम होय करायचं, इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी फाइल) नव्याने बनवायचं, रीबूट. पण त्याआधी प्रत्येक डिस्कवर एचडीपार्म (डिस्कची माहिती दाखवणारी आज्ञा) मोठ्या आय पर्यायासह चालवा. ट्रिमनंतर शून्यं मिळतील असं चौघी स्पष्ट सांगत असतील तरच पुढे. एकीनेही सांगितलं नाही तर विषय बंद.

जाता जाता स्ट्राइप कॅशे (रेड ५ च्या लेखनासाठी राखलेली रॅम) २५६ वरून ४०९६ करा, चार डिस्कना ६४ एमबी रॅम खाईल. मोठ्या सलग लेखनाला फरक पडतो. चमत्कार होणार नाही. आणि मोजणी महिन्याच्या पहिल्या रविवारी नको, डेबियन त्या दिवशी स्वतःच ॲरे तपासत असतो.

बार्देशी_बिट:
तीन डिस्कचा अवेट ६ ते ९ मिलिसेकंद, चौथीचा, एसडीसीचा, १८० च्या वर. १९९ चा आकडा एका कॉपीत ४१२ वरून ४३१. लिंक ३ गिगाबिटवर. पिनांवर खरंच हिरवट डाग होता. साफ केलं, केबल बदलली, आता आकडा हलत नाही, लिंक ६ वर.

पण ३० जीबीनंतर अजूनही १४० वर येतं. एचडीपार्ममध्ये दोघीच शून्यांची खात्री देतात.

तिसवाडी_०७:
मग ट्रिम उघडू नका. आता जे उरलंय ते एसएलसी कॅशेचं. ३० जीबी ॲरेवर म्हणजे पॅरिटीसकट डिस्कमागे १० जीबी. अशा डिस्कचा कॅशे मोकळ्या जागेतूनच कापलेला असतो, आणि ट्रिम मिळत नसल्यामुळे तुम्ही पुसलेल्या फाइलीही डिस्कच्या लेखी भरलेल्याच.

रेड १० (प्रत्येक डेटाच्या दोन प्रती) करा. बॅकअप घेऊन, तो उघडतो का पाहून, जुना ॲरे मोडा. प्रत्येक डिस्कवर ब्लॉक डिस्कार्ड चालवा (सगळं जातं, नाव दोनदा वाचा), पार्टिशन ९० टक्क्यांचंच करा. पहिला सिंक पूर्ण होऊ द्या आणि त्यानंतरच ईएक्सटी४ घाला. सिंक दोन प्रती ताडून बघतो आणि जिथे फरक तिथे ब्लॉक लिहितो, नंतर फाइलसिस्टिम बनताना होणारा डिस्कार्ड ते मोकळे करतो. उलट क्रमाने केलंत तर कोरी जागासुद्धा भरलेली समजली जाऊ शकते. मग एफस्ट्रिमचा साप्ताहिक टायमर चालू करा.

फोंडा_रॅक:
हिशेब राहिला: वापरायला १.८ टीबी मिळेल, माल २.६ चा. संपादन संपलेली नाटकं ८ टीबीच्या सीएमआर प्रकारच्या (ट्रॅक एकमेकांवर न चढवणाऱ्या) फिरत्या हार्ड डिस्कवर हलवा. सलग लेखनात ती तुमच्या आजच्या १४० ला सहज गाठते आणि तिला कॅशे संपण्याची भानगड नाही. एसएसडीवर फक्त चालू काम ठेवा. आणि यूपीएस लावा, या डिस्कमध्ये वीज गेल्यावर तग धरणारे कपॅसिटर नसतात.