मदत हवी आहे: बाळ परत कसं आलं? मधले एपिसोड गायब आहेत का?

रात्रपाळी: लवकर सांगा कोणीतरी, आज जेवणं झाली की पुढचं बघायला बसणार आहोत. दुसऱ्या सीझनच्या शेवटी बाळाला घेऊन गेले तेव्हा बायको आणि मी दोघंही रडलो, आणि तिसरा लावला तर ते मजेत शेजारी बसलंय, जहाजही वेगळंच. ॲपवर एपिसोड कमी दिसतायत का?

मिरजकर: कुठल्या सिरीजचं बाळ? नाव तरी टाका.

रात्रपाळी: मँडलोरियन हो, स्टार वॉर्सवाली सिरीज. हिरवं, मोठ्या कानांचं.

दुर्बीण: स्टार वॉर्स आधी रिलीजच्या क्रमाने बघावं, १९७७ चा पहिला सिनेमा, मग पुढचे. मी मुलांना तसंच दाखवलं.

रात्रपाळी: सिनेमे सगळे झालेत. बाळाचं सांगा.

वडाची_साल: एपिसोड गायब नाहीत, ते दुसऱ्याच सिरीजमध्ये आहेत. बुक ऑफ बोबा फेट, एकूण ७ भाग, त्यातले ५, ६, ७ बघा. पाचव्यात बोबा फेट जवळजवळ नाहीच, सगळा मँडोच (म्हणजे आपला मँडलोरियन), नवीन जहाज तिथेच मिळतं. सहाव्यात ल्यूक, म्हणजे बाळाला घेऊन गेला तोच, बाळाला निवड करायला लावतो, पुढचं सांगत नाही.

मिरजकर: हेच मला पटत नाही. दुसऱ्या सीझनचा एवढा मोठा निरोप, आणि भेट भलत्याच सिरीजमध्ये उरकली. फक्त मँडलोरियन बघणाऱ्याने काय करायचं?

लाल_दिवा: तिसऱ्या सीझनआधी क्लोन वॉर्स ही ॲनिमेशन सिरीज बघाच. मँडलोर ग्रहाची योद्धी बो-कटान आणि मँडोकडची ती काळी तलवार दोन्ही त्यातूनच आलीत, दुसऱ्या सीझनमधली असोका तर २००८ पासून आहे. त्याशिवाय मँडलोरच्या राज्याचं दुःख पोचत नाही.

वडाची_साल: १३३ भाग आहेत, त्यांना आज रात्री बघायचंय.

लाल_दिवा: निवडक बघता येतात, यादी देतो.

मिरजकर: त्यापेक्षा अँडोर ही स्टार वॉर्सचीच सिरीज बघा. २४ भाग, शेवट थेट रोग वन सिनेमा जिथे सुरू होतो तिथे. तो सिनेमा परत बघितला तर दोन्हींचा नायक कॅसियन, त्याचं प्रत्येक वाक्य जड वाटतं. जुनी गोष्ट वाढवायची तर अशी.

लाल_दिवा: अँडोरचं इथे काय काम? आणि पुढे डार्थ व्हेडर होणाऱ्या अ‍ॅनाकिनला क्लोन वॉर्सने माणूस केलं, सिनेमात तो वेळच मिळाला नव्हता.

कैरी_पन्हं: यातलं काही मराठीत डब झालंय का? आईला बघायचंय.

रात्रपाळी: पाचवा बघितला. बोबा कोण ते बायको विचारतेय, पहिले ४ भाग पण बघावे लागतील का?