उत्तर: वेबसाइट नंतर, आधी मेजरटेप

तुम्ही विचारलंय की तीस हजारांत कुर्त्यांचं ऑनलाइन दुकान काढायचं, तर पहिला खर्च वेबसाइटवर करू का? मी तरी नाही करणार. सुरुवातीला इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग पुरतो.

माझा पहिला लॉट सुती कुर्त्यांचा होता. कापड न भिजवताच शिवायला टाकलं. पहिल्या धुण्यात बाह्या चांगल्या इंचभर वर गेल्या आणि वीसपैकी सहा कुर्ते परत आले. तेव्हापासून कापड आधी पाण्यातून काढते. नुसतं एम, एल लिहीत नाही. कुर्ता जमिनीवर पसरून छाती, उंची, बाही इंचात मोजते आणि टेप दिसेल असा फोटो टाकते. फोटो सकाळी गॅलरीत काढा, ट्यूबलाइटखाली मोरपंखी चक्क निळा दिसतो!

कुरिअरचं गणित आधी समजून घ्या. ३०० ग्रॅमचा कुर्ता ३० × २५ × १० सेंमीच्या खोक्यात घातला, तर दीड किलोचे पैसे लागतात, कारण कुरिअरवाले खोक्याच्या आकारावरूनही वजन धरतात: लांबी × रुंदी × उंची (सेंमी) भागिले ५०००, आणि जे जास्त त्याचे पैसे. साधी पॉलिबॅग घ्या. कॅश ऑन डिलिव्हरी शक्यतो नकोच, पार्सल नाकारलं की जाण्या-येण्याचं भाडं आपल्याच बोडक्यावर.

आणि जीएसटी. वर्षाला ४० लाखांपर्यंतच्या विक्रीला नोंदणी लागत नाही, हे वाचून निर्धास्त होऊ नका. महाराष्ट्राबाहेर माल पाठवायचा तर सहसा पहिल्या पार्सलपासून नोंदणी लागते. बेळगावच्या मावशीची ऑर्डरसुद्धा त्यात आली.