नवीन गोळी चालू करून १२ दिवस झाले, काडीचा फरक नाही!! मदत हवी आहे

सांजवेळ:
धाकट्या भावाला फिट्स येतात. नवीन गोळी चालू केलीय, १२ दिवस झाले आणि काल परत आली, जेवता जेवता हातातला घास खाली पडला, नजर भिंतीवर आणि ओठ नुसते चघळल्यासारखे. डॉक्टर म्हणे धीर धरा. किती धरायचा? त्यांना बोलायला काय जातंय. कोणाला किती दिवसात फरक पडला पटापट सांगा प्लीज.

पेंगुळलेला बोका:
कुठली गोळी? किती एमजी? आधीची चालू आहे की बंद केली? वय? काहीच माहीत नसताना काय सांगणार.

निवांत नाना:
आमच्या मुलाला लेव्हेटिरासिटाम दिली, आठवड्यात फिट्स बंद. डॉक्टरांना सांगा तीच द्या.

खडीसाखर:
नाना, तीच मी चार महिने घेतली. फिट्स थांबल्या पण मी एवढी भडकायचे की नवरा आधी दाराला कान लावून अंदाज घ्यायचा मगच आत यायचा. शेवटी बदलून घेतली.

निवांत नाना:
आमचा मुळातच चिडका, त्यामुळे कळलं नाही :)

रानपाखरू:
किटो डाएट करा, गोळ्यांची कटकटच नको.

पेंगुळलेला बोका:
फिट्ससाठीचं किटो डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली करतात, आणि गोळ्या मनाने सोडायच्या नसतात.

रानपाखरू:
तुम्ही डॉक्टर आहात का?

पेंगुळलेला बोका:
१४ वर्षं पेशंट आहे.

सांजवेळ:
सॉरी, राहिलंच. लॅमोट्रिजिन २५, एक दिवसाआड. वय २३. व्हॅलप्रोएट आधीपासून आहेच, ती पुरेना म्हणून ही जोडली. एवढ्याशा गोळीने काय होणार म्हणून तीन दिवस झाले मी रोज देतेय.

पेंगुळलेला बोका:
अहो ताई थांबा!! व्हॅलप्रोएट चालू असली की लॅमोट्रिजिन शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, रक्तात जवळपास दुपटीने राहते, म्हणून तर २ आठवडे एक दिवसाआड, मग २ आठवडे रोज २५, मग हळूहळू वर. घाई केली की पुरळ उठायचा धोका वाढतो आणि त्यातला स्टीव्हन्स-जॉन्सन प्रकार जिवावर बेतू शकतो, बहुतेकदा पहिल्या २ ते ८ आठवड्यांत. फरक कुठून दिसणार, उपयोगाच्या डोसला तो अजून पोचलाच नाहीये. आत्ता डॉक्टरांना फोन लावा आणि मनाने बंदही करू नका.

टिंब टिंब:
फिट आली की तोंडात चमचाबिमचा घालू नका, कुशीवर वळवा, घड्याळ बघा, ५ मिनिटांच्या वर गेली तर ॲम्ब्युलन्स.

खडीसाखर:
हे कोणी विचारलं होतं?

टिंब टिंब:
कोणी विचारत नाही म्हणून तर सांगतोय.

निवांत नाना:
रच्याकने, ह्या गोळीवर गाडी चालवता येते का?

पेंगुळलेला बोका:
नाना, वेगळा धागा काढा.

सांजवेळ:
फोन केला, भरपूर बोलणी खाल्ली. उद्याची गोळी नाही, परवापासून कागदावर लिहिलंय तसंच. पुरळ, ताप, तोंडात फोड यातलं काहीही दिसलं तर लगेच कळवायचं. आत्ता टॉर्च मारून त्याची पाठ, पोट सगळं बघितलं. छातीवर एक लाल ठिपका आहे, तो म्हणतो डास चावला. फोटो पाठवलाय डॉक्टरांना, निळी टिक आली नाही अजून.

पेंगुळलेला बोका:
टिकची वाट नका बघू. परत फोन लावा.