शब्दचर्चा : औषध मेंदूत 'भेदून' जाते का?

प्रश्न :

हर्पिसच्या मेंदूज्वरावरच्या एका मराठी लेखाचे संपादन करते आहे. त्यात असे वाक्य आहे : 'ॲसायक्लोव्हिर रक्त-मेंदू अवरोध भेदून मेंदूत शिरते.' (ॲसायक्लोव्हिर हे हर्पिसच्या विषाणूवरचे औषध, आणि हा अवरोध म्हणजे रक्तातून मेंदूत काय जाऊ द्यायचे ते ठरवणारी सीमा, इंग्रजीतले blood-brain barrier.) 'अवरोध' ठेवावा की 'अडथळा' करावा? शिवाय 'भेदून' मला खटकते आहे, पण नेमके का ते सांगता येत नाही.

प्रतिसाद :

'अवरोध' काढाच. मूत्रावरोध, आंत्रावरोध, श्वासावरोध हे सगळे दुखण्याचे शब्द आहेत. वाहता मार्ग तुंबला असा त्यांचा अर्थ. 'रक्त-मेंदू अवरोध' वाचून बरेच वाचक पक्षाघात समजतील. 'अडथळा'ही या धोक्यातून पूर्ण सुटत नाही, कारण 'मेंदूच्या रक्तपुरवठ्यात अडथळा' हे आपण पक्षाघाताबद्दलच लिहितो. तरी तो रुळलेला आहे, तोच ठेवा. फक्त पहिल्या उल्लेखापाशी एक वाक्य घाला की ही निरोगी मेंदूची रचना आहे, बिघाड नव्हे.

'भेदून' खटकते ते योग्यच आहे. भेदायला भिंत लागते आणि भेदल्यावर भगदाड उरते. इथे दोन्ही नाही. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जुळलेल्या असतात की त्यांच्यामधून औषधाला वाट नसते. म्हणून 'झिरपते'सुद्धा नको. झिरपायला फट हवी. जायचे तर पेशीतूनच जावे लागते. रेणू लहान आणि चरबीत विरघळणारा असेल तर तो पेशीच्या आवरणातून पार होतो. काहींना वाहक प्रथिने आत नेतात. पार्किन्सनमध्ये मेंदूत कमी पडणारे डोपामाइन थेट देऊन उपयोग नसतो, ज्यापासून मेंदूत डोपामाइन बनते ते लेव्होडोपा द्यावे लागते, ते याचमुळे. लेव्होडोपाला वाहक आहे, डोपामाइनला नाही.

तिसरा प्रकार मराठी लेखांत जवळजवळ नेहमी सुटतो. अस्तराच्या पेशींत पंप असतात, त्यांतला पी-ग्लायकोप्रोटीन सर्वांत परिचित. पेशीत शिरलेला रेणू तो पुन्हा रक्तात टाकतो. एचआयव्हीवरची प्रोटीज रोखणारी औषधे या पंपाच्या तावडीत सापडतात, शिवाय त्यांतली बहुतेक रक्तातल्या प्रथिनांना चिकटून राहतात. त्यांच्याबद्दल 'अडथळा पार करू शकत नाहीत' हे अर्धेच खरे. 'शिरतात, पण बाहेर टाकली जातात' असे लिहिले तर संशोधक पंप मंदावण्याचा विचार का करतात, हे वाचकाला आपोआप कळते.

ॲसायक्लोव्हिरसाठी मी साधे 'पोचते' वापरेन आणि किती पोचते ते लगेच सांगेन. मेरुद्रवात, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात, त्याची पातळी रक्तातल्या पातळीच्या साधारण निम्मी असते. तोंडाने घेतले तर मुळात 15 ते 20 टक्केच रक्तात उतरते. म्हणून या मेंदूज्वरात गोळ्या देत नाहीत. दर किलो वजनाला 10 मिलिग्रॅम, दर 8 तासांनी, शिरेतून, 14 ते 21 दिवस देतात. हा हिशेब मांडला की 'भेदून'सारख्या जोरकस क्रियापदाची गरजच राहत नाही.

दुसरा प्रतिसाद :

सुधारणा मान्य, पण 'अवरोध' या शब्दाची एक बाजू नोंदवून ठेवतो. संस्कृतात अवरोध म्हणजे अंतःपुरही. कुणी आत जायचे, कुणाला दारातून परत पाठवायचे हे जिथे ठरलेले असते, अशी जागा. अर्थाने हा शब्द 'अडथळ्या'पेक्षा कितीतरी जवळचा होता. आजच्या वाचकाला तो अर्थ लागणार नाही, हे मात्र खरे, आणि आजाराबद्दल लिहिताना वाचकाचा गैरसमज परवडत नाही.

प्रश्नकर्ती :

आभार. आणखी एक. लेखात पुढे 'मेंदूतील औषधाची पातळी निम्मी' असे आहे. वरच्या प्रतिसादात 'मेरुद्रवात' आहे. दोन्ही एकच ना?

प्रतिसाद :

एकच नाहीत, आणि ही दुरुस्ती कृपया कराच. मोजायला मिळते ते पाठीच्या कण्यातून सुईने काढलेले पाणी. मेंदूच्या ऊतीचा तुकडा रुग्णाकडून कोणी घेत बसत नाही. मेरुद्रव मुख्यतः मेंदूच्या पोकळ्यांमधल्या कोरॉइड जालिकेत तयार होतो. तिथल्या केशवाहिन्या सच्छिद्र असतात, रोखण्याचे काम जालिकेच्या पेशी करतात. म्हणजे रक्त आणि मेरुद्रव यांच्यामधली सीमा वेगळी, रक्त आणि मेंदू यांच्यामधली वेगळी. मेरुद्रवात औषध सापडले म्हणजे चेतापेशींपाशी तेवढेच आहे, असे ठरत नाही. त्यातून दाह असला की सीमा सैल होते आणि दाह उतरला की पुन्हा घट्ट होते, त्यामुळे एकाच रुग्णात आकडा बदलू शकतो.

'ओलांडणे' हे क्रियापद विषाणूंसाठीही सरसकट नको. एचआयव्ही संसर्ग झालेल्या पांढऱ्या पेशींबरोबर अडथळा ओलांडतो, तिथे ते चालेल. रेबीजचा विषाणू चावलेल्या जागेपासून चेतातंतूंच्या आतून मेंदूकडे सरकतो. तो या सीमेवर येतच नाही, पण लशीमुळे रक्तात तयार होणारी प्रतिपिंडे मात्र तिथे अडतात. म्हणून विषाणू मेंदूत पोचण्याआधीच ती तयार व्हायला हवीत. 'रेबीजने रक्त-मेंदू अडथळा ओलांडला' असे छापले, तर चावल्यावर ताबडतोब लस का घ्यायची, याचे कारणच चुकीचे सांगितले जाते.