मदत हवी आहे: इथेनॉलचा स्प्रे एका केसमध्ये रेंगाळतोय आणि दुसऱ्या केसमध्ये गायब, चुकतंय कुठे?

नमस्कार मंडळी. मी मेकॅनिकलला एमटेक करतोय, पुण्यात. प्रोजेक्ट आहे डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात (म्हणजे इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) इथेनॉल आणि पेट्रोलचा फवारा कसा उडून जातो त्याचा. टेस्ट चेंबर वगैरे आमच्याकडे काही नाही, त्यामुळे सगळं ओपनफोमवर, म्हणजे कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करून. ई२० (वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) पंपावर आल्यापासून कॉलेजात निम्म्या लोकांनी हाच विषय घेतलाय ते सोडा.

इंजेक्टर स्प्रे जी चाच घेतलाय (संशोधनात सगळे वापरतात तो ठरलेला नमुना), म्हणजे आठ भोकं, २०० बार, इंधन ९० अंश सेल्सियसला. पेट्रोलच्या जागी आयसोऑक्टेन. पहिल्या केसमध्ये आजूबाजूची हवा ३०० अंश आणि दाब ६ बार, दुसऱ्या केसमध्ये हवा फक्त ६० अंश आणि दाब अर्धा बार (थ्रॉटल अर्धवट बंद असताना इनटेक स्ट्रोकला असतो तसा).

आता गंमत बघा. पहिल्या केसमध्ये इथेनॉलचे थेंब आयसोऑक्टेनपेक्षा लांबपर्यंत जातात आणि उशिरा संपतात, आणि दुसऱ्या केसमध्ये जिथे हवा एवढी थंड आहे तिथे इथेनॉल एका मिलिसेकंदाच्या आत पूर्ण साफ, थेंब औषधालाही शिल्लक नाही. आमचे गाईड म्हणतात इथेनॉल ७८ ला उकळतं, आयसोऑक्टेन ९९ ला, मग इथेनॉल दोन्हीकडे आधी संपायला पाहिजे, तुझी पहिली केस चुकलीये, परत कर. मी पहिली केस चार वेळा तपासली, मेश बारीक केली, प्रॉपर्टीज बघितल्या, उत्तर तेच येतंय. दोन आठवड्यांनी सबमिशन आहे, कोणीतरी बघा प्लीज.

---

कार्ब्युरेटर_काका: तुझी पहिली केस बरोबर वाटतेय रे, भानगड दुसरीत आहे.

उकळबिंदू बघून कोण आधी उडेल ते ठरत नाही. थेंबाला वाफ व्हायला उष्णता लागते, ती कुठून येते ते बघ. इथेनॉलला किलोमागे साधारण ९०० किलोज्यूल लागतात, आयसोऑक्टेनला ३०० च्या आसपास. पहिल्या केसमध्ये ही उष्णता गरम हवेकडून यायची, हवा देणार तेवढीच आणि इथेनॉलची भूक तिप्पट, म्हणून ते रेंगाळतं. माठातल्या पाण्यासारखं, उडता उडता स्वतःच गार होतं आणि गार झालं की अजून सावकाश उडतं.

आता दुसरी. अर्ध्या बारला इथेनॉल साधारण ६१ अंशाला उकळतं, आयसोऑक्टेन ७६ ला. तू दोन्ही ९० ला सोडतोयस, म्हणजे दोन्ही बाहेर पडतानाच उकळीच्या वर, यालाच फ्लॅश बॉइलिंग म्हणतात. पण हिशोब कर ना. इथेनॉलकडे जादा आहेत २९ अंश, गुणिले विशिष्ट उष्मा २.९ धर, झाले ८४ किलोज्यूल. लागतात ९००. म्हणजे स्वतःच्या अंगातल्या उष्णतेवर दहा टक्केसुद्धा उडत नाही! आयसोऑक्टेनचंही असंच दहा-अकरा टक्के. बाकीचं नव्वद टक्के कोणाच्या जिवावर उडालं? ६० अंशाच्या विरळ हवेच्या? एक मिलिसेकंदात? थेंबाचं तापमान वेळेनुसार प्लॉट करून टाक इथे.

धागाकर्ता: पण काका फ्लॅशमध्ये थेंब फुटून बारीक होतात ना? व्यास निम्मा झाला तर वेळ चौथा हिस्सा होतो असं वाचलंय.

कार्ब्युरेटर_काका: होतो की, आतून बुडबुडे फुगून थेंब फुटतात आणि आठही फवारे फुगून एकमेकांत घुसतात. पण त्याने उष्णता लवकर आत जाते, फुकट तयार होत नाही. प्लॉट टाक आधी.

डांबरी_रस्ता: थोडं अवांतर, ई२० ने ॲव्हरेज पडतं ते याच कारणाने का?

कार्ब्युरेटर_काका: नाही हो. लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जाच पेट्रोलच्या दोन तृतीयांश असते. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई२० मध्ये सहा-सात टक्के कमी भरते. गाडीचा धागा वेगळा काढा, इथे पोराचं सबमिशन आहे.

सायलेन्सर: अजून एक, आयसोऑक्टेनला पेट्रोल म्हणू नकोस, व्हायव्हात पकडतील. पेट्रोल म्हणजे खिचडी, काही घटक ३५ अंशालाच उडतात आणि काही २०० पर्यंत बसून राहतात. थंड इंजिन पेट्रोलवर सुरू होतं ते त्या हलक्या घटकांमुळे. शुद्ध इथेनॉलमध्ये असं हलकं काहीच नाही, त्याचा फ्लॅश पॉइंट (पेट घेण्याइतकी वाफ सुटायला लागते ते तापमान) १३ अंशाच्या आसपास, म्हणून ब्राझीलमधल्या गाड्यांना बॉनेटखाली पेट्रोलची छोटी वेगळी टाकी द्यायचे. आणि मिश्रणात उलटा घोळ, इथेनॉल थेंबाला गार करतं त्यामुळे पेट्रोलमधले ॲरोमॅटिक्स नावाचे जड घटक अजून मागे राहतात, पिस्टनवर ओले डाग पडले की काजळी. निदान पेंटेन, आयसोऑक्टेन आणि अनडेकेन असं तिघांचं मिश्रण घे. आणि दोन्ही इंधनांचं वजन सारखं ठेवलंयस का? तेवढ्याच हवेत जाळायला इथेनॉल दीडपटीहून जास्त लागतं, वजनाने हवा आणि इंधनाचं प्रमाण ९ ला १, पेट्रोलचं १४.७ ला १. म्हणजे तेवढ्याच हवेला इथेनॉल चौपट गार करणार.

धागाकर्ता: काका सापडलं!! थेंबाचं तापमान शेवटपर्यंत ९० वर सपाट. दुसरी केस मी एका सीनियरच्या फोल्डरवरून कॉपी केली होती, त्यात हीट ट्रान्सफर मॉडेल 'नन' (काहीच नाही) होतं, म्हणजे थेंब गार व्हायलाच तयार नव्हता आणि ९० ला राहून वाफ सोडत बसला होता. पहिल्या केसमध्ये रांझ-मार्शल होतं, हवा आणि थेंबातली उष्णतेची देवाणघेवाण काढायचं नेहमीचं मॉडेल. आता दोन्हीकडे तेच लावलंय. इथेनॉल सुरुवातीला झपकन थोडं उडतं, तापमान ६० च्या खाली घसरतं आणि मग रेंगाळतं. वजन सारखंच ठेवलं होतं, तेही बदलतो. तिघांच्या मिश्रणाचा रन रात्री लावतो, लॅपटॉप टिकला तर उद्या प्लॉट टाकतो. गाईडना आधी ते ८४ भागिले ९०० दाखवणार आहे.