परभाषेतला क्राइम थ्रिलर तुम्हाला कशाने धरून ठेवतो?

रविवारी 'मेमरीज ऑफ मर्डर' (2003) संपला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि खुनी कोण ते कळलंच नव्हतं. तरी उठवेना. दक्षिण कोरियातल्या ह्वासाँग भागात 1986 ते 1991 दरम्यान झालेल्या खऱ्या खुनांवरचा हा सिनेमा. भातशेती, पाऊस, बघ्यांची गर्दी, आणि पोलीस ओरडत असतानाच पावलाच्या ठशावरून ट्रॅक्टर निघून जातो. डीएनएचा नमुना तपासायला अमेरिकेला पाठवावा लागतो. शेवटी तो पोलीस थेट आपल्याकडे बघतो.

खुनी कळला 2019 मध्ये, डीएनएवरूनच. दुसऱ्या एका खुनासाठी तो आधीपासून तुरुंगात होता, आणि हा सिनेमा त्याने तिथेच पाहिला होता! काही वाटलं नाही म्हणे.

तर लिहा आपापले अनुभव. 'ट्विस्ट भारी आहे' एवढ्यावर भागवू नका. रहस्यभेद असेल तर आधी सांगा.

मु. पो. माल्मो
राहते स्वीडनमध्ये, नोकरी कोपनहेगनला, रोज ओरेसुंड पुलावरून ट्रेन. 'द ब्रिज' या मालिकेची सुरुवात याच पुलावर होते. प्रेत बरोबर सीमारेषेवर, अर्धं इकडे अर्धं तिकडे. मग दोन्ही देशांचे पोलीस एकत्र. ती स्वीडिश बोलते, तो डॅनिश, आणि तपास चालू राहतो. इंग्रजी सबटायटलवर बघताना मला हे कळलंच नव्हतं, दोघं एकच भाषा बोलतात असं वाटलेलं. आता ऑफिसात रोज बघते. डॅनिश माणूस आकडे सांगायला लागला की स्वीडिश मंडळी म्हणतात, लिहून दाखव. डॅनिशमध्ये पन्नास म्हणजे अडीच विसा! माझ्या आजीला पटकन कळलं असतं.

विणकाम
डॅनिश 'द किलिंग' (2007) आईबरोबर पाहिली. एक खून, वीस भाग, प्रत्येक भाग तपासाचा एक दिवस. सबटायटल भरभर जातात म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवायचे. आईचं लक्ष मात्र तपास करणाऱ्या बाईच्या स्वेटरवर. "रोज तोच घालते गं ही. वीण सुरेख आहे पण." (फॅरो बेटांवरची आहे.) पुढे आई खून झालेल्या मुलीच्या आईवडिलांत अडकली. त्यांचं घर, ओटा, धाकटी मुलं, सगळं भागामागून भाग दिसत राहतं. आई म्हणाली, आपल्या मालिकांत तेराव्यापर्यंतसुद्धा कुणी थांबत नाही. मग दोन दिवस तिने पुढचा भाग लावू दिला नाही.

एक शून्य
किंचित रहस्यभेद. अर्जेंटिनाचा 'द सिक्रेट इन देअर आइज' (2009). नायकाच्या टाइपरायटरचं 'ए' उमटत नाही. रात्री झोपेतून उठून तो कागदावर 'तेमो' लिहितो, म्हणजे मला भीती वाटते. त्यात एक 'ए' घातला की होतं 'ते आमो', माझं तुझ्यावर प्रेम आहे. पहिल्यांदा बघताना हे डोक्यावरून गेलं. स्पॅनिशच्या क्लासला दोन महिने झाल्यावर पुन्हा पाहिला आणि एकटाच हसलो.

स्पष्टच बोलतो
मला ट्विस्टच लागतो. पण 'बदला' आधी पाहिला आणि मूळ स्पॅनिश सिनेमा नंतर. पैसे फुकट. क्रम सांभाळा.

निद्रानाश
सबटायटलचा कंटाळा असेल तर फ्रेंच 'रिफिफी' (1955) बघा. साधारण अर्धा तास दरोडा, ना संवाद ना संगीत. आमचे बाबा मध्येच उठून रिमोट शोधायला लागले, टीव्हीचा आवाज गेला म्हणून.